शिवाजी पार्कची पळण

शिवाजी पार्क, दादर
१२ ऑगस्ट १९८४

सौ. यशोदेस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली आमसुलं आणि कुळथाचं पीठ पोचलं. आणणाऱ्याने पिशवी एसटीत कुठे कोंबली होती देव जाणे, निम्मं पीठ आमसुलांना चिकटलं. पण पिठी केली आणि चव तुझ्या हातचीच आली, तेव्हा त्याला माफ करून टाकलं.

आता बातमी. घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. मागच्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगची तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी कोसळली. भर दुपारची वेळ, खाली एरवी भाजीवाली बसते, ती नेमकी त्या दिवशी आली नव्हती. रामेश्वराचे उपकार. मग म्युनिसिपालिटीची माणसं आली, भिंती ठोकून बघितल्या, तुळया पोखरल्यात म्हणाली. सगळी बिल्डिंग रिकामी करा, दुरुस्ती होईल, मग परत या. आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत काम सुरू झालं नाही तर पाडावी लागेल.

परत या म्हणे! यशोदे, मागच्या गल्लीतली माणसं अशीच दुरुस्तीसाठी बाहेर पडली. ती अजून कुठल्याशा लांबच्या छावणीत पत्र्याखाली बसलीत आणि त्यांच्या जागेवर भलतीच माणसं राहतात. आमचा मालक तर फार गोड बोलतो. एरवी जिन्यात भेटला तरी मान फिरवणारा माणूस, आता माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. मला तेव्हाच घाम फुटला.

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले, कारण बिल्डिंगमध्ये सगळ्यांत जुनी मीच. शेजारची सुगंधा म्हणाली, "बाई, तुम्ही निघालात तर आम्ही निघू." मी म्हटलं, मी काही निघत नाही. झालं! सगळी बिऱ्हाडं बूड टेकून बसली आहेत.

समोर मैदान हिरवंगार झालंय. पोरं चिखलात फुटबॉल खेळतात आणि त्यांच्या आया गॅलऱ्यांतून ओरडतात. आमच्याकडे मात्र गॅलरीत उभं राहायला आता कुणी धजत नाही.

भाईभावजींना नमस्कार सांग.

तुझी,
सत्यवती

आचरा
२४ ऑगस्ट १९८४

ती. आक्कांस यशोदेचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र पोचून मजकूर समजला. इतकं शुद्ध लिहून झालं, आता जीभ वळणार नाही. बोलतंय तसाच लिवतंय. शाळामास्तरीण म्हणान चुका काढू नका.

आक्का, तुमी थंय कित्याक रवतास? आज गॅलरी पडली, उद्या छप्पर पडात. तुमचा पत्र वाचल्यापासून माका जेवण जायना. ह्यांनी दोनदा वाचून दाखवल्यानी आणि चष्मो काढून म्हणाले, "वयनीक लिही, आता कायमची घराक ये."

माजघराच्या बाजूची खोली सारवून ठेवलंय. खिडकी उघडली की थेट माड दिसतत. चवथ जवळ इली, गणपतीच्या डोक्यार माटवी बांधूची आसा, गुरुदास रेडीच्या बंदरातून रजा घेवन येतलो. तो म्हणता, मोठी आई येवचीच होयी. आक्का, माझ्या झिलाक तुमी आठवीपासून नोकरी लागासर सांभाळलास, आपल्या ताटातला भरवलास. त्याचे उपकार मी कधी बोलूक नाय, बोलूक येयना पण नाय. आता आमका तुमका सांभाळूक देवा.

कायमच्या येवा. वाट बघतंय.

तुमची,
यशोदा

शिवाजी पार्क, दादर
३ ऑक्टोबर १९८४

सौ. यशोदेस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, घडी घातली आणि फडताळात ठेवून दिलं. उत्तर द्यायला उशीर झाला तो कामामुळे नाही, रागामुळे. कायमची ये! म्हणजे तुम्हीही ठरवून टाकलंत, की सत्यवतीची खोली गेली. मालक म्हणतो ते एक, आता घरची माणसंही तेच म्हणायला लागली.

तुला ठाऊक नाही मी इथे कशी आले ते. सत्तेचाळीसच्या वैशाखात ह्यांच्या मागून जिना चढले. स्टोव्ह पेटवता येत नव्हता. मुंबईचं मराठी बोलता येत नव्हतं, "माका" म्हटलं की नळावरच्या बायका पदराआड हसायच्या. पण ज्या हसायच्या, त्यांनीच स्टोव्ह पेटवायला शिकवलं. संध्याकाळी हात धरून मैदानावर न्यायच्या. कट्ट्यावर बसून आम्ही मटार सोलायचो, भांडायचो, लग्नं जुळवायचो. मी मॅट्रिक झाले ती त्याच कट्ट्यावर अभ्यास करून, आणि शाळेत नोकरी लागली तेव्हा पेढे वाटले तेही तिथेच. हे आजारी पडले त्या वर्षी त्यांना जिना उतरवत नव्हता. खालच्या मजल्यावरचे दोघे बाप्ये रोज संध्याकाळी त्यांना खुर्चीसकट उचलून मैदानावर न्यायचे आणि दिवेलागणीला परत आणायचे. शेवटच्या दिवसापर्यंत. एकदाही मी त्यांना "या" म्हणून बोलवायला गेले नाही, आपणहून यायचे.

अशी माणसं आहेत ही. मैदानाच्या चारी बाजूंना राहतात, पण एकाच अंगणातली असल्यासारखी. इथून मी कायमची उठून येऊ? आणि येऊन काय करू? गावचं घर तुमचं. तिथे मी पाहुणीच.

गुरुदासला सांग, त्याची बॅट अजून माझ्या पलंगाखाली आहे.

सत्यवती

आचरा
२६ नोव्हेंबर १९८४

ती. आक्कांस शि. सा. नमस्कार.

पाव्हणी म्हणान लिवलास! माका आधी रडू इला, मगे राग इलो, मगे भूक लागली. जेवून लिवूक बसलंय.

शब्द चुकलो माझो. कायमच्या नको. घर नीट होयसर येवा. पण पाव्हणी म्हणून पुन्हा लिवलास तर मी पत्र फाडून चुलीत घालीन, सांगून ठेवतंय. तुमच्या वाट्याच्या फणसाक आमी हात लावणव नाय, गरे सुकवून तुमकाच धाडतो, तेव्हा कशे गोड लागतत?

आता खरी गजाल ऐका. देवाचो कौल झालो. यंदा गावपळण. मार्गशीर्षात तोफ झाली की सगळो गाव वेशीभायर. गुरां, कुत्रे, कोंबडे, तान्ही पोरां, सगळा. मागे चुलीत विस्तव नाय, दारात माणूस नाय. आमची झोपडी ह्यावेळी चिंदरच्या बाजूक. माडाची झापां विणून झाली. ह्यांका आतापासूनच पोरासारखो उल्हास, भजनाचे टाळ पुसत बसले आसत.

रामेश्वराच्या नावाचो तुमचो नारळ गुरुदासाच्या मित्राकडे देतंय. जुनो काढा आणि ह्यो दाराक बांधा. मामंजींनी रामेश्वराक सांगून ठेवलेला, "मुंबयची खोली ती आपल्याच घराची खोली." म्हणान पळण तुमकाय लागता. हे म्हणतत, "वयनी मालकाक नाय म्हणात, म्युनिसिपालटीक नाय म्हणात, पण देवाक नाय म्हणाची नाय." चुकवू नका हां, आक्का. तीन दिवस तरी त्या छपराखालून भायर या.

तुमची,
यशोदा

शिवाजी पार्क, मैदानावरून
१९ डिसेंबर १९८४

सौ. यशोदेस अनेक आशीर्वाद.

हे पत्र कट्ट्यावर बसून लिहिते आहे, अक्षर वाकडं आलं तर वाऱ्याला बोल लाव. आज पळणीचा शेवटचा दिवस. तुम्ही चिंदरला, मी मैदानावर. रात्री मैदानापलीकडे सुगंधाच्या बहिणीकडे झोपते आणि सकाळी पुन्हा इथे हजर. गेली कित्येक वर्षं हे चाललंय, तरी दर वेळी कुणीतरी नवीन विचारतं, "बाई, घरी भांडण झालं का?"

यंदा गंमत झाली. पहिल्या दिवशी सुगंधाने डबा आणला आणि स्वतःचाही उघडून बसली. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्यांनी सतरंजी टाकली. आज तर सगळी बिल्डिंग झाडाखाली जेवली, पलीकडच्या बिल्डिंगमधून मठ्ठा आला, कोपऱ्यावरच्यांनी केळी पाठवली. तुझ्या फणसाच्या सुकवलेल्या गऱ्यांवर उड्या पडल्या. मी वाटायला गेले आणि माझ्याच वाट्याला आले नाहीत.

सुगंधाने विचारलं, "गाव रिकामं असताना चोऱ्या नाही होत?" मी म्हटलं, "चोर कुठला यायला? आमचा चोरसुद्धा वेशीबाहेर झोपडीत भजन म्हणत असतो." सगळे हसले. मग ती म्हणाली, "पण परत येताना कुणी अडवलं तर?" मी फटकन बोलून गेले, "कोण अडवणार? सगळा गाव एकदम जातो आणि एकदम परततो. एकट्या माणसाला अडवता येतं, गावाला कोण अडवेल?"

आणि यशोदे, बोलता बोलता माझी मीच थांबले. सगळे माझ्याकडे बघत होते. समोर आमची ती वाकलेली बिल्डिंग उभी होती, मोडक्या गॅलरीची.

तिथेच बोलणं झालं. पळण करायची. सगळ्यांनी एकाच दिवशी बाहेर पडायचं, कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. कुणी बहिणीकडे जाईल, कुणी छावणीत, पण दर रविवारी सकाळी सगळ्यांनी ह्याच कट्ट्यावर, बिल्डिंगकडे तोंड करून बसायचं. कुणाला जमलं नाही तर दुसऱ्याने त्याच्या नावाने बसायचं. मालकाने खिडकीतून बघितलं की त्याला सगळ्या तोंडांची ओळख राहायला हवी. रिकाम्या गावात म्हणतात देवभुतं फिरतात. रिकाम्या बिल्डिंगमध्ये मालक फिरतो, त्याच्यावर डोळा हवा.

सगळे तयार आहेत. फक्त मीच अजून हो म्हटलेलं नाही.

बोलायला सोपं गं. पण परतीचा कौल कोण देणार? गावाला रामेश्वर आहे. इथे मी चुकले तर माझ्या शब्दाखातर सगळी बिऱ्हाडं उघड्यावर येतील. तीस-तीस वर्षांच्या सोबतीची माणसं. ह्यांना खुर्चीतून उचलून नेणारे त्यांत आहेत. त्यांचे उपकार असे फेडू?

भाईभावजींना सांग, माझ्यासाठी देवाला विचारा. बिल्डिंग सोडू का, आणि परत येऊ का. उजवा कौल पडला तर निघते. डावा पडला तर छप्पर डोक्यावर येवो, मी हलणार नाही. आणि मी हलले नाही तर कुणीच हलणार नाही.

उत्तराची वाट बघते.

तुझी,
सत्यवती

आचरा
७ जानेवारी १९८५

ती. आक्कांस यशोदेचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपले पत्र पोचले. गाव सुखरूप परत आले आहे. यांना ताप असल्यामुळे मी स्वतः देवळात गेले. आपल्यासाठी कौल लावला. कौल उजवा झाला. आपण निर्धास्तपणे बाहेर पडावे. आपण सर्वजण परत आपल्या घरी जाल.

खोली तयार आहे. कोणत्या गाडीने निघता ते कळवावे.

आपली,
यशोदा

शिवाजी पार्क, दादर
१८ मे १९८६

सौ. यशोदेस,

पोचले. पोचले एवढंच नाही, माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर बसून लिहिते आहे. भिंतींना नवीन चुना, त्याचा वास नाकात जातो. खिडकीतून मैदान दिसतं आणि नवीन गॅलरीत सुगंधाचा पोपट शिव्या देतो. तुझ्या घरात सव्वा वर्षाच्या वर काढलं, तुझ्याशी मासे साफ करण्यावरून रोज भांडले, तेव्हा आता इतकं शांत वाटतं की करमत नाही.

सगळं सांगते.

काम झालं तरी मालक चाव्या देईना. आज नाही उद्या, रंग ओला आहे, नळ बसायचेत. मग कानावर आलं, एकेकाला वेगळं गाठून बोलायला लागलाय. "तुम्ही कशाला परत येता, मी दुसरीकडे सोय करतो." म्हणून सुगंधाने मला ते पत्र टाकलं, आणि तू माझी वळकटी बांधलीस, आठवतं ना? मी म्हटलं होतं, देवाने उजवा दिलाय, जाऊन येते.

अक्षय्यतृतीयेला सकाळी आम्ही सगळे सामानासकट कट्ट्यावर जमलो. ट्रंका, वळकट्या, कुंड्या, देव्हारे. सुगंधाने पिंजराही आणला. अगदी पळण परतण्याच्या दिवशी वेशीवर दिसते तशीच गर्दी. कोंबडे तेवढे नव्हते. सव्वा वर्ष एक रविवार चुकला नव्हता यशोदे, भर पावसातसुद्धा छत्र्या घेऊन बसलेत. माझ्या जागेवर सुगंधाची बहीण माझ्या नावाने बसायची. मैदानावर फिरायला येणारे आता त्या जागेला आमच्या बिल्डिंगच्या नावाने ओळखतात.

बातमी मैदानाभोवती फिरली. कुठल्या कुठल्या बिल्डिंगमधून चहाच्या किटल्या आल्या. म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या आल्या, एकीने तर "बाथरूम वापरा हो" म्हणून घर उघडं टाकलं. नावसुद्धा ठाऊक नाही तिचं. दुपारपर्यंत आमच्यापेक्षा बघायला आलेलीच माणसं जास्त झाली.

शेवटी मालक खाली आला. म्हणाला, "हे काय, तुम्ही सगळे एकदम?"

मी म्हटलं, "आम्ही एकदम गेलो, एकदम येणार. आमच्याकडे तशीच पद्धत आहे."

तो कट्ट्यावरून एकेक तोंड बघत गेला. कुणाला नाही म्हणणार? वर जाऊन चाव्यांचा जुडगा घेऊन आला. खालच्या मजल्यावरचे ते दोघे, आता तेही म्हातारे झालेत, त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट जिना चढवला. मी ओरडत होते, अहो माझे पाय शाबूत आहेत! ऐकतील तर शपथ. ह्यांची फार आठवण झाली. दारापाशी रडले, आणि मग नारळाला हात लावला. पळणीच्या वेळी बांधलेला तोच होता, धुळीने माखलेला, पण गवंड्यांनी हलवला नव्हता.

रात्री जेवायला बसलो तेव्हा सगळे म्हणाले, रामेश्वराची कृपा. कारण मी त्यांना कौलाचं सांगितलं होतं ना. सगळी बिल्डिंग तुझ्या त्या पत्रावर बाहेर पडली होती.

आता तुला एक सांगते. गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी मी देवळात गेले होते, तू शेतात भाताला पाणी घालायला राहिली होतीस त्या दिवशी. बाळा गुरवाला म्हटलं, "माझ्यासाठी कौल लावलास, बरं झालं हो." तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "वयनीनू, यशोदावयनी इली होती खरी. हात जोडून उभी रवली, आणि काय न इचारता परत गेली."

मी प्रसाद घेतला आणि घरी आले. तुला काही बोलले नाही. खरं म्हणजे मला आधीच शंका यायला हवी होती. आख्ख्या आयुष्यात एकच पत्र तू मला धड शुद्ध लिहिलंस, आणि तेच खोटं लिहिलंस!

मी सुगंधालाही कळवलं नाही. त्यांचा धीर त्या कौलावर होता, आणि तोपर्यंत माझाही. मला कळल्यावर मात्र मी काही दिवस भ्याले. मग रोज तुला बघायची, विहिरीवर, चुलीशी, माझ्या ताटात माशाची मोठी तुकडी टाकताना, आणि मनात म्हणायची, हिने एवढा भार डोक्यावर घेतलाय, मी निम्मा तरी घ्यावा. म्हणून तुझ्यासोबत गप्प राहिले. तुला ठाऊकही नव्हतं.

तू विचारलं असतंस आणि डावा पडला असता, तर आज समोर दगडविटांचा ढीग असता आणि आम्ही सगळे कुठे कुठे पांगलो असतो. मला घर तुझ्यामुळे परत मिळालं. एकटीला नाही, सगळ्यांना.

म्हणून ह्या पत्राच्या वर तुझ्या नावापुढे काही लिहिलं नाही, बघितलंस का? लग्न होऊन आलीस त्या दिवसापासून तुला आशीर्वाद लिहीत आले. थोरली जाऊ ना मी. आज मनाला ते पटलं नाही.

सौ. यशोदेस नमस्कार.

तुझी,
सत्यवती

आचरा
१ जून १९८६

ती. आक्कांस शि. सा. नमस्कार, नमस्कार आणि नमस्कार.

ह्या वयात माका पाप लावतास? मोठ्यांनी धाकट्याक नमस्कार लिवचो असता? ह्यांनी वाचल्यानी आणि माझ्याकडे असे बघूक लागले की माका पदर डोक्यार घेवचो लागलो.

होय. मी इचारूक गेल्लंय. बाळा देवाक कौलाची पाकळी लावतलो इतक्यात माझ्या मनात इला, डावो पडलो तर? तुमी लिवलेलास, डावो पडलो तर छप्पर डोक्यार येवंदे, हलूचंय नाय. मगे मी तुमका काय लिवू? "रवा थंयच आणि मरा" म्हणान? त्याका म्हटलंय, रवांदे, आणि देवाक तेवढा सांगलंय, "बाबा, मी तुझ्या नावान एक गजाल लिवतंय. ती खरी करूची ती तू कर." घराक येवन चांगल्या अक्षरात लिवलंय, तुमका संशय येव नये म्हणान. त्यातच सापडलंय काय! मास्तरणीच्या घरात नांदणा कठीण, बाई.

आणि तुमका सगळा म्हायत होता? इतके म्हयने? माझ्या समोर बसून जेवत होतास आणि काय बोलूक नाय? मी रोज सकाळी तुळशीक पाणी घालताना घाबरत होतंय, आज पत्र येतला, आज वायट बातमी येतली. सांगलेला असतास तर दोघी मिळान तरी घाबरलो असतो.

तुमची खोली रिकामी दिसता. बंद करूक नाय, दार उघडाच ठेवतंय. नवो नारळ गुरुदासाकडे दिलंय, जुनो समुद्रात सोडा, त्यान खूप केल्यान.

आता तुमच्या नमस्काराचा. तो घेवची माझी छाती नाय. म्हणान काल पत्र घेवन देवळात गेलंय. वाचून दाखवलंय. म्हटलंय, "देवा, ह्यो नमस्कार माझ्या नावार इलो, पण आसा तुझो. माझा खोटा तू खरा केलंस." पत्र पायरेर ठेवलंय, हात जोडलंय आणि निघालंय.

दरवाज्यापर्यंत गेलंय, आणि परत फिरलंय. पत्र उचलून घराक हाडलंय. अर्धो तरी माझो आसा, आक्का.

तुमची,
यशोदा